अर्ध्या तिकिटाचं बंदर

"अहो, उठा हो! लोक बघतायत!"

मी दंडाला धरून ओढत होते आणि आमच्या ह्यांनी चोरबाजारातल्या भर रस्त्यात, इब्राहिमभाईंच्या रद्दीच्या गाड्यासमोर, बसकण मारली होती. आजूबाजूला हातगाड्या, बकऱ्या, शिव्या, आणि मधोमध इस्त्रीची पँट घातलेला, चारचौघांत मान असलेला माणूस धुळीत. मला वाटलं, छातीत कळ आली. इब्राहिमभाई पण घाबरले.

"वहिनी, पाणी पाजा त्यांना."

ह्यांच्या हातात कागदाचा एवढासा तुकडा होता. तिरपा कापलेला.

"शालन," ते म्हणाले, "शेंदरी."

मग मीही त्यांच्या शेजारी खाली बसले. काय करणार!

माझ्या नवऱ्याला आगबोटींच्या जुन्या तिकिटांचा नाद होता. मुंबईहून कोकणात जाणाऱ्या बोटी कधीच्या बंद पडल्या, पण आमच्या घरी बिस्किटांच्या डब्यांत त्या चालूच होत्या. प्रत्येक बंदराच्या एजंटाचा कागद वेगळा; कुठला पिवळा, कुठला निळा, कुठला हिरवट. भाडं कधी वाढलं, कुठल्या बोटीचा भोंगा बसका होता, कुठे बोट धक्क्याला लागायची आणि कुठे बाहेर समुद्रात उभी राहून उतारूंना पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून, न्यावं लागायचं, सगळं तोंडपाठ. पोरांचं अर्धं तिकीट म्हणजे पुऱ्या तिकिटाला कात्रीने तिरपा काट मारायचा, हेही मला त्यांनीच सांगितलेलं. पहिली काही वर्षं मी नुसती करवादायची. बेसन ठेवायला डबा नाही घरात, आणि ह्यांच्या होड्यांना मात्र झाकणासकट!

पण त्या नादाचं मूळ मला ठाऊक होतं. आमचे हे भाऊच्या धक्क्यावर सापडलेलं पोर.

माझ्या सासूबाई, हौसाबाई, धक्क्याच्या फाटकाशी भाजीभाकरीची पाटी घेऊन बसायच्या. सातारकडच्या. नवरा नाही, पोर नाही, जिभेला हाड नाही आणि मन लोण्याचं. एकदा कोकणची बोट रिकामी झाली, गर्दी पांगली, आणि त्यांच्या पाटीमागे तीन-चार वर्षांचं एक पोर झोपलेलं दिसलं. उठल्यावर त्याचा एकच धोशा, "आवस खंय? माजी आवस खंय?"

आता हौसाबाईंच्या गावाकडे आवस म्हणजे अमावस्या. त्या म्हणाल्या, "आवसेला येणार व्हय तुजी मान्सं? बरं, ऱ्हा मग आवसेपातुर." पोराला त्यांनी खाऊपिऊ घातलं, पाटीमागे निजवलं आणि आवसेची वाट बघितली. आवस आली आणि गेली. मग मात्र त्या फाटकावरच्या कारकुनाकडे गेल्या. त्याने मानही वर केली नाही.

"मावशी, एक पोर चुकलं होतं, ते कधीच पोचतं केलंय. प्रकरण मिटलं."

मिटलं तर मिटलं. हौसाबाईंनी पोर घरी नेलं. देवाने उशिरा दिलेल्याला दृष्ट लागू नये म्हणून नाव ठेवलं केरबा, केरात सापडलेला. चाळ मात्र त्यांना आवश्याच म्हणायची.

मी कुडाळकडची. लग्नानंतर सासूबाईंनी ही गोष्ट पहिल्यांदा सांगितली तेव्हा माझ्या हातून परात निसटली.

"अहो सासूबाई, आमच्याकडे आवस म्हणजे आई! आई कुठाय म्हणून विचारत होते ते!"

त्यांनी कपाळावर हात मारला. मग म्हणाल्या, "आगं माज्या कर्मा! आन् मी त्येला रोज चांदूबा दावायची गं. बग, कमी कमी व्हत चाललाय, आता आवस आलीच म्हनून. त्यो आनीकच रडायचा."

ह्यांना स्वतःला दोनच गोष्टी आठवत. कुणीतरी बखोटीला धरून उंच उचललं होतं, आणि मुठीत शेंदरी कागद होता, तो फाटकावर एका माणसाने बोटं सोडवून काढून घेतला. एवढ्या धाग्यावर त्यांनी कोकणपट्टीतल्या तिकिटांचा माग काढला. शेंदरी कुठेच नव्हतं. आणि आता इब्राहिमभाईंच्या गाड्यावर, कुणाच्या तरी पोथीतून पडलेलं, कुणी न वापरलेलं. खारवण ते मुंबई. डेक. अर्धे.

सासूबाई तोवर गेल्या होत्या. घरी आल्यावर ह्यांनी त्यांच्या फोटोसमोर तिकीट ठेवलं आणि म्हणाले, "आई, जाऊन येतो गं. तुला सोडून नाही जात."

एस्टीने आम्ही खारवणला उतरलो तेव्हा मे महिना निम्मा सरला होता. बंदर कसलं, खाडीच्या तोंडाशी दहा-पंधरा घरं, उपड्या घातलेल्या होड्या आणि एक चहाचं दुकान. हे होड्यांकडे बघत राहिले. मीच पुढे झाले. दुकानदार म्हातारा होता, त्याला विचारलं, "आजोबा, बोटी चालायच्या तेव्हा इथे कुणाचं पोर हरवलं होतं का हो?"

म्हातारा खो खो हसला. "हरावला खंयचा? गावला! आमचो जनू. चार वर्साचो आसताना एकटोच मुंबय बगून इलो. आवस ऱ्हवली पडावात नि पोर गेला बोटीन!"

"आणि परत आला?" ह्यांनी विचारलं.

"तिसऱ्या दिसाक. गळ्यात चिठी बांधून, पार्सल कसा! जनूची आवस तेव्हा हयच धक्क्यार बसलेली, अन्न ना पाणी. भायरगावची बाय, आमका कोणाक तिची वळख नाय. पण पोर गावल्यार हयच ऱ्हवली ती. थंय माडांत घर आसा तिचा. जावा, जनू घरातच गावतलो."

माझी आशा मावळली. म्हणजे पोर परत आलं होतं. मी ह्यांना बाजूला घेतलं. "चला. हे आपलं बंदर नव्हे. दुसरं कुठलं तरी असेल शेंदरी."

ते जागचे हलले नाहीत. "शालन, कारकून आईला काय म्हणाला होता?"

"एक पोर चुकलं होतं, ते पोचतं केलं म्हणून."

"तेच हे. पोचतं केलेलं." त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मी पाटीमागे झोपलो होतो गं. त्यांना धक्क्यावर दुसरंच कुणीतरी रडताना सापडलं, आणि त्यांनी ते धाडून दिलं. म्हणून माझी चौकशीच मिटली."

आम्ही माडांकडे निघालो.

माडांतल्या त्या घराच्या अंगणात एक म्हातारी रातांब्याची सोलं, म्हणजे आमसुलं, वाळत घालत होती. बारकी, काळीसावळी, ताठ. पायरव ऐकून तिने वर बघितलं. माझ्याकडे नाही, ह्यांच्याकडे. हातातलं सूप तिने इतकं हळू खाली ठेवलं की आवाजही झाला नाही.

"कोण तां?" तिने विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता म्हणाली, "उन्हात कित्याक उभे? वर येवा."

"आम्ही मुंबईहून आलोय," हे म्हणाले. "मी बोटीची जुनी तिकिटं जमवतो."

एवढंच. धडधाकट माणूस, आयुष्यभर जिला शोधलं तिच्यासमोर उभा, आणि तोंडातून निघालं ते हे. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण तेवढ्यात मागून जनू आला.

दणकट माणूस, अंगाला होडीचं डांबर, तोंडभर हसू. मुंबईचे पाहुणे तिकिटांसाठी आलेत हे कळताच त्याला कोण आनंद! शहाळी काय सोलली, चटई काय टाकली. आणि मग स्वतःची गोष्ट सुरू.

"माका कायएक आठवणा नाय हां! आवस सांगता तां. चार वर्साचो मी, एकटो, मुंबय! कॅप्टनच्या वांगडा, एका ताटात जेवलंय म्हणे!"

"कोणी सांगितलं कॅप्टन?" म्हातारी म्हणाली.

"मगे कोणाच्या वांगडा जेवलंय? बग, हिकाच ठावक नाय!" तो टाळी द्यायला हात पुढे करी आणि हे टाळी देत. हसत. मला त्या हसण्याकडे बघवेना.

मग ह्यांनी खिशातून पाकीट काढलं आणि शेंदरी तिकीट चटईवर ठेवलं. जनूने ते उचललं, उलटंसुलटं केलं आणि ओरडलाच, "गे आये! बग! खारवण, अर्धे! माजा तिकीट!" त्याचे डोळे लहान पोरासारखे झाले. "साहेब, ह्या माका देशात? काय ता पैसे घेवा. माज्या नातवंडांक दाखवीन. सगळी म्हणतत जनू थापा मारता."

आयुष्य घातलं होतं ह्यांनी त्या कपट्यासाठी.

"तुमचंच आहे ते," हे म्हणाले. "घ्या."

आणि मग म्हातारीकडे वळून, जपून, जसं काही सहजच विचारावं तसं त्यांनी विचारलं, "बोटीने परत आणून दिलं, तेव्हा ओळखलंत का हो लगेच?"

तिने शेजारी बसलेल्या जनूच्या डोक्यावर हात ठेवला. डोळे मात्र ह्यांच्यावर.

"आवस आपल्या पोटच्या झिलाक वळखता. कितीव वर्सां झाली तरी वळखता."

"तिसऱ्या दिसाक इलंय गे मी, वर्सां खंयची!" जनू हसत सुटला.

म्हातारी उठली. "बाय, आत ये गो. पेज वाढूक हात दी वायच."

स्वयंपाकघरात आल्यावर तिने भिंतीला हात टेकला. मी धरलं तिला.

"दारात उभो ऱ्हवलो, तेव्हा माका वाटला माजो घोवच इलो, तेचो बापूस. तसोच कपाळ. तशीच मान वाकडी करून बगूची रीत."

"मग सांगा ना त्यांना! अहो, जन्मभर हेच एक—"

"हळू बोल. जनू भायर आसा."

आणि ती सांगू लागली. मधे मधे पेज ढवळायची, जणू तेच काम चाललंय.

"घोव मेलो, सासरच्यांनी भायर काढल्यानी. मुंबयक चार घरची भांडी घासूया, झिलाक वाढवूया, म्हणान इलंय हय. पावसाआदली मुंबयक जातली शेवटची बोट. दर्यो खवळलेलो. पडावातून बोटीर चढवताना रीत काय? आदी पोरां, मगे बायलो. खलाशान झिलाक उचलून वर दिल्यान. मी हात वर केलंय, नि लाट इली. पडाव मागे, बोट फुडे. भोंगो वाजलो. मी बोंबलतंय, पण कोण आयकता?"

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"बोट परत इली. पोर माज्या ओटीत घातल्यानी. बगतंय, तर माजा नाय."

बाहेर जनूचं हसणं चालू होतं.

"नाय म्हणाक तोंड उघडलंय, बाय. पण तेना माज्या गळ्याक मिठी मारल्यान ती सोडीचना. तेका सोदीत कोण एक इलेला नाय. मी नाय म्हटलंय आसतंय तर परत नेऊन धक्क्यार टाकल्यानी आसते. म्हटलंय, आजची रात घेतंय. सकाळी मास्तराकडून तार करून घेतलंय. उत्तर काय इला? पोर पोचता केला. बोटी तर बंद झाल्यो. सगळो पावस मी दर्याकडे बगीत बसलंय, नि ह्या मांडयेर. माका आये म्हणाक लागला."

"मग शोधलं नाहीत?"

"सोदूक नाय?" ती एकदम तडकली. "नारळी पुनवेक दर्यो उघाडलो, तशी पैल्या बोटीन गेलंय. ह्येका कोणाकडे ठेवतलंय? कडेर घेतलंय नि फाटकार जाऊन इचारलंय, माजो झील हरावलो. तो कारकून म्हणता, बाई, पोर कडेवर घेऊन पोर शोधतेस? सगळे हसाक लागले. चार दीस धक्क्यार फिरलंय. प्रत्येक बायलेक इचारलंय. येडी म्हटल्यानी माका."

मी तोंडावर पदर दाबला. कारण सासूबाईंनी शेवटच्या आजारात मला एक सांगितलं होतं. नारळी पौर्णिमेआधी, बोटी सुरू व्हायच्या आत, त्यांनी धक्क्यावरची पाटी उचलली होती आणि पार लांब, गिरणीच्या फाटकाशी नेऊन मांडली होती. कुणी पोराला न्यायला आलं तर, या भ्यानं. एक शोधत फिरली आणि दुसरी लपून बसली. दोघींचाही राग करता येईना मला. रडूच येत होतं नुसतं. धक्क्यावरच्या भाकरीवालीने ह्यांना वाढवलं, एवढंच मी तिला सांगितलं.

"जिना तेका वाडयल्यान, तिना जीव लायल्यान?" म्हातारीने विचारलं.

"लावला. पोटच्यासारखा."

"मगे झाला." तिने डोळे पुसले. "आता आयक. तेका सांग, पोर हरावलेली ती बाय येगळी होती. त्याच पावसात मेली ती, म्हणान सांग."

"असं कसं सांगू हो मी? तुम्ही समोर बसलाय!"

"सांगूकच होया. मी झील म्हणान तेका पोटाशी धरलंय, की जनू कोणाचो? ह्या वयात तेका सांगू, बाबा, तू माजो नाय, कोणाचोच नाय? तुज्या घोवाक दोन आवशी गावल्यो, बाय. जनूक माज्याशिवाय कोण आसा?"

"आणि तुमचं काय?"

"माजा काय?" तिने ताटली पुसली, पुन्हा पुसली. "माज्या हातची पेज जेवून जाऊ दी. तेवढा बगतंय."

"सांगते," मी म्हटलं.

तिने पेज वाढली, सोबत भाजलेला सुका बांगडा आणि कैरीचं लोणचं. आणि ह्यांच्या समोर भिंतीला टेकून बसली, हातात विंझणा. हे जेवत होते आणि ती वारा घालत होती. जनू म्हणाला, "गे, मुंबयच्या पाव्हण्याक पेज वाढतंस? लाज नाय तुका?" ह्यांनी ताटली बोटाने पुसून चाटली. तिने विचारलं, "आनी?" ह्यांनी ताटली पुढे केली. पोट केव्हाच भरलं होतं, मला दिसत होतं. तिने पुन्हा विचारलं, "आनी?" त्यांनी पुन्हा पुढे केली.

निघताना वडीलधाऱ्यांच्या पाया पडतात तसे हे तिच्या पाया पडले. तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तो हात तिथेच राहिला. केसांतून फिरला, कानामागे गेला, मानेवर आला.

"आये, सोड गे तेका," जनू म्हणाला, "एस्टी जायत!"

तिने हात काढून घेतला.

जनू आम्हाला रस्त्यापर्यंत पोचवायला आला, पिशवीत सोलं कोंबून दिली, पुढच्या वर्षी मुक्कामाला या म्हणाला. आवशीची काळजी नको, मी आसंय, असंही वर म्हणाला. का म्हणाला कोण जाणे. बोलायची पद्धत त्याची.

एस्टी सुटली. हे खिडकीशी बसले होते. घाट लागला. मग बाहेर बघतच म्हणाले, "आत काय म्हणाली ती?"

मी शब्द दिला होता. तेवढंच सांगितलं. "म्हणाल्या, पोर हरवलेली ती बाई वेगळी होती. त्याच पावसाळ्यात वारली."

"असं सांग म्हणाली मला?"

"हो," मी म्हणून गेले, आणि जीभ चावली.

त्यांनी खिडकीकडून मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"बरं," ते म्हणाले. "पहिल्यांदाच काही सांगितलंय आईनं. ऐकायला हवं."

आणि मग त्यांनी समोरच्या सीटच्या दांडीवर कपाळ टेकलं आणि हंबरडा फोडला. भर गाडीत, एवढा मोठा माणूस. सासूबाई गेल्या तेव्हाही ते असे रडले नव्हते. लोक उठून बघायला लागले. कुणी पाण्याची बाटली पुढे केली. मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते, दुसरं काय करणार होते?

कंडक्टर दांड्यांना धरत धरत मागे आला. "काय झालं हो, बाई? तब्येत बिघडली का?"

"नाही," मी म्हटलं. "ह्यांची आई गेली."

"अरेरे!" तो म्हणाला. "कधी?"

"आत्ताच."